ऑईल पेस्टलने भाज्या, फळं, पानं काढताना चित्र मातकट का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंकडे सहावी-सातवीचा चित्रकलेचा तास आहे. शाळेला चित्रकलेचे वेगळे शिक्षक नाहीत. भाज्या, फळं, पानं समोर ठेवून ऑईल पेस्टलने काढायला सांगितलं की मुलं आधी पेन्सिलीने आकार काढतात, तो काळ्या खडूने गिरवतात आणि मग आत रंग भरतात. शेवटी सगळं चिकट आणि मातकट होतं, पांढरा खडू काळा पडतो, गणवेशही रंगतो. भारीतले खडू मागवावेत की सरळ माध्यमच बदलावं, असं त्यांनी विचारलंय.

बाई, खडू बदलायची घाई करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून अडचण खडूची कमी आणि पद्धतीची जास्त दिसते. पहिलीपासून मुलांना रंगकाम म्हणून एकच गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे छापील चित्रात रेषेच्या बाहेर न जाता रंग भरणं. स्केचपेनला ती पद्धत चालते. मेणाच्या क्रेयॉनलाही चालून जाते. ऑईल पेस्टलला मात्र ती चालत नाही. या खडूचं टोक जाड, त्यातून बारीक रेघ निघत नाही, आणि त्याचा रंग कागदावर वाळत नाही. म्हणजे सुरुवातीला काढलेली काळी कड तास संपेपर्यंत ओलीच असते आणि जो रंग तिच्याजवळ जाईल त्याला ती काळं करते. तुमच्या मातकटपणाचं निम्मं कारण ती कडच आहे.

खडूत काय असतं ते मुलांनाही सांगून टाका, त्यांना आवडतं. रंगाची पूड, मेण आणि न वाळणारं खनिज तेल. जलरंगातलं पाणी उडून जातं म्हणून तो वाळतो. इथं उडून जाण्यासारखं काही नसतंच. रंग कागदावर लोणी फासल्यासारखा बसतो आणि पुढचा थर आधीच्या थरात थोडा तरी मिसळतो. त्यामुळे कुठला रंग आधी आणि कुठला नंतर, हे या माध्यमात सगळ्यात महत्त्वाचं. मुलांना नेमकं तेवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

माध्यम बदलावं का, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बदलू नये. हा खडू मुळात शाळेच्या वर्गासाठीच जन्माला आला. जपानमध्ये पहिल्या महायुद्धानंतर यामामोतो कानाए या चित्रकाराने शाळांतल्या नमुना पाहून नक्कल करण्याच्या चित्रकलेविरुद्ध मोहीम उघडली. मुलांनी निसर्ग स्वतः पाहावा आणि मोकळेपणाने काढावा, असं त्याचं म्हणणं. त्या विचाराने भारावलेल्या साकुरा कंपनीच्या लोकांनी १९२५ साली पहिले ऑईल पेस्टल बाजारात आणले. पिकासोच्या निमित्ताने फ्रान्समध्ये सेनेलिये कंपनीने मोठ्या चित्रकारांसाठी खडू बनवले ते पुढे १९४९ मध्ये. तेव्हा समोर रताळं ठेवून सातवीतल्या पोराने ऑईल पेस्टल हातात घेणं हाच या खडूचा मूळ उपयोग म्हणायला हरकत नाही.

आता काही गोष्टी तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. मुलं किती, बाकांवर जागा किती, कागद कोणता मिळतो, खिडक्या कुठल्या बाजूला. पटसंख्या वीसच्या आत असेल तर पुढचं सगळं जमेल. चाळीस असेल तर वर्गाचे दोन भाग करा आणि एका भागाला त्या दिवशी नुसतं पेन्सिलीचं काम द्या. चाळीस मुलांच्या हातात एका वेळी तेलकट खडू देऊन वर्ग सांभाळायला अंगात वेगळीच ताकद लागते.

सुरुवात वस्तू निवडण्यापासून करा. जाड खडूला जाड वस्तू हवी. वांगं, ढोबळी मिरची, पेरू, कैरी, सालीसकट मक्याचं कणीस, केळफूल, नुसता जांभा दगडसुद्धा. कोथिंबिरीची जुडी, शेवग्याचा पाला, तेरड्याची फांदी असलं काही ठेवू नका. मुलं त्यात हरवतात आणि खडूही हरतो. संकेश्वरी मिरची दिसायला सुंदर, पण ती लांब आणि बारीक. तिला रंगीत पेन्सिल बरी. आपल्या भागात सगळ्यात चांगली वस्तू कुठली म्हणाल तर रताळं. नवरात्राच्या सुमारास बेळगाव तालुक्यातली रताळी बाजारात येतात, ती न धुता वर्गात आणा. सालीचा तांबूस गुलाबी रंग, खाचांत बसलेली लाल माती, टोकाला सुटलेलं मूळ. आकार कसाही वेडावाकडा आला तरी ते रताळंच दिसतं, म्हणून चित्रकलेला घाबरणाऱ्या मुलालाही धीर येतो. शिवाय आठवडाभर टिकतं. तुमचा तास आठवड्यातून एकदाच असेल तर हे फार उपयोगाचं, कारण वांगं पुढच्या शनिवारपर्यंत सुरकुततं आणि मुलं “बाई, हे ते नव्हेच” म्हणून अडून बसतात.

एकेक वस्तू चार-पाच मुलांमध्ये ठेवा, बाकाच्या मधोमध, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली. खिडकीकडून एका बाजूने उजेड येऊ दे आणि वरची ट्यूबलाईट बंद करा. दोन-तीन बाजूंनी उजेड आला की वस्तूला अंधारी बाजूच राहत नाही आणि मुलांना गोलाई दिसत नाही. जुलै-ऑगस्टात खानापूरकडे आभाळ इतकं भरलेलं असतं की उजेड-सावली कळतच नाही. तेव्हा एक युक्ती करा: वस्तूची खिडकीकडची बाजू मोकळी ठेवा आणि पलीकडच्या बाजूला काळी पाटी उभी करा. फरक लगेच दिसतो. तरी नाही जमलं तर भर पावसाचे महिने पानांना द्या आणि फळं-भाज्या दिवाळीनंतर घ्या.

आता रंगाकडे. एक वांगं घेऊन सांगतो, कारण वांग्यावर मुलं हमखास फसतात. वांगं जांभळं, म्हणून डब्यातला जांभळा खडू उचलायचा आणि घासायचा, एवढंच त्यांना माहीत असतं. खडूला हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघायला लावा आणि प्रश्न विचारा. खिडकी वांग्यात कुठे दिसते? दिसतेच. उजेडाच्या बाजूला एक उभा निळसर पांढरा पट्टा असतो, नीट पाहिलं तर गजांच्या रेघासुद्धा. सगळ्यात गडद भाग कुठला? मुलं कडेला बोट दाखवतात. पण अगदी कडेला बाकाचा उजेड परतून आल्यामुळे थोडं फिकं असतं आणि खरा काळोख त्याच्या जरा आत असतो. मग देठाची टोपी हळूच उचलून दाखवा. टोपीखाली झाकलेली साल पांढरट-हिरवी असते, कारण वांग्याच्या सालीला जांभळा रंग चढायला ऊन लागतं. ही फिकी कड चित्रात दाखवणारं एक तरी मूल वर्गात निघतं, आणि मग बाकीच्यांना ती न दाखवता चैन पडत नाही.

आकार पेन्सिलीने काढू देऊ नका. पेन्सिलीचं शिसं पेस्टलमध्ये मिसळून पिवळा रंग राखाडी करतं आणि खडूच्या तेलावर खोडरबर चालत नाही. फिक्या पिवळ्या किंवा गुलाबी खडूने, दाब न देता, चुकली तर दुसरी शेजारी, अशा रेघा मारू द्या. त्या पुढे रंगाखाली आपोआप मुरतात. आकार मोठा हवा. पाव शीट, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंचाचा कागद असेल तर वांगं निदान वीतभर झालंच पाहिजे. ऑईल पेस्टलमध्ये लहान काढलेलं चित्र सुधारता येत नाही.

मग थर. पहिला थर सगळ्यात फिका आणि हलक्या हाताचा. वांग्याला मी गुलाबी आणि फिका निळा आधी देतो, खिडकीचा पट्टा कोरा ठेवून. मुलांना ते विचित्र वाटतं, वाटू द्या. त्यावर जांभळा, वस्तूच्या गोलाईप्रमाणे वळवत, सरळ आडवा-उभा नव्हे. मग अंधाऱ्या भागात गडद निळा आणि थोडा तपकिरी. काळा नाही. जांभळ्यावर गडद निळा आणि तपकिरी आले की इतका खोल रंग तयार होतो की काळ्याची आठवणही होत नाही. सगळे रंग बसल्यावरच घोटायचं, म्हणजे बोटाने घासून रंग एकमेकांत मिसळायचे, तेही फिक्याकडून गडदाकडे आणि दरवेळी बोट पुसून. आधीच घोटायला लागलात तर पुढचा खडू नुसता घसरतो.

घोटण्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण बहुतेक चित्रं तिथंच जातात. कागदाला बारीक खरखरीतपणा असतो, त्यात रंग अडकून बसतो. दोन-तीन थरांत तो भरला की पुढचा रंग धरायला जागाच उरत नाही. मुलं तरीही घासत राहतात, मग चिकटा तयार होतो आणि गोळे निघतात. अशा वेळी आणखी रंग देऊ नका. आईस्क्रीमच्या काडीने किंवा पट्टीच्या कडेने जादा रंग हलकेच खरवडून काढा आणि तिथे पुन्हा फिक्यापासून सुरू करा. खरवडलेला भाग पुष्कळदा मूळ चित्रापेक्षा चांगला दिसतो. बोटाऐवजी कापूस किंवा जुन्या सुती कापडाचा तुकडा वापरला तर हातही कमी बरबटतात. खोबरेल तेल, रॉकेल, टर्पेंटाईन घालून रंग पसरवायच्या युक्त्या कुणी सांगेल. खोबरेलचे डाग कागदात पसरत जातात, आणि रॉकेल-टर्पेंटाईन मुलांच्या वर्गात नकोच.

पानांसाठी वेगळी रीत आहे आणि मुलांना ती जास्त आवडते. फणसाचं किंवा वडाचं मोठं पान घ्या, अर्धं पिकलेलं मिळालं तर उत्तम. सगळ्या पानावर आधी पिवळा रंग दाबून द्या. हा एकच थर असा आहे जिथे मी मुलांना जोर लावायला सांगतो. त्यावर हिरवा, त्यावर सावलीच्या बाजूला थोडा तपकिरी. डब्यातला हिरवा एकटा लावला तर प्लास्टिकच्या पानासारखा दिसतो, म्हणून पिवळा आणि तपकिरी लागतोच. मग टूथपिकने किंवा संपलेल्या रिफिलच्या टोकाने शिरा कोरायच्या. वरचा हिरवा निघून खालचा पिवळा उमटतो आणि शीर उजळ दिसते, जशी खऱ्या पानात दिसते. काळ्या रेघेने काढलेल्या शिरा पानाला जाळी लावल्यासारख्या दिसतात, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. मधली शीर देठाकडे जाड आणि टोकाकडे बारीक होते, एवढं मात्र आधी बोटाने चाचपून बघायला सांगा. कागदाखाली पान ठेवून वरून खडू घासायचा खेळ तुम्हाला ठाऊक असेलच. त्याला मेणाचे क्रेयॉनच वापरा. ऑईल पेस्टल मऊ असतो, त्यात शिरा तितक्या नीट उमटत नाहीत.

सावलीचं काय, असं तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. वस्तू बाकावर बसलेली दिसायला हवी तर सावली वस्तूच्या बुडाला चिकटून सुरू झाली पाहिजे. तिथे सगळ्यात गडद, दूर जाताना फिकी. रंग बाकाचाच, थोडा निळा मिसळून. मुलं सावली वस्तूपासून तुटक काढतात, मग रताळं हवेत तरंगतं.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मोठी वस्तू, एका बाजूचा उजेड, फिक्या खडूने आकार, उजेडाची जागा कोरी, फिक्याकडून गडदाकडे, घोटणं शेवटी, आणि काळा खडू डब्याबाहेर. शेवटचं मी शब्दशः म्हणतोय. तास सुरू होताना सगळ्यांचे काळे खडू एका डब्यात गोळा करा. पहिल्या दिवशी आरडाओरडा होतो. शेवटची पाच मिनिटं उरली की ज्याला खरंच हवा त्याला द्या, आणि “कुठे लावणार?” एवढं विचारा. बरीच मुलं तेव्हा मागतच नाहीत.

पांढऱ्या खडूचा प्रश्नही इथंच सुटतो. प्रत्येक मुलाला जुन्या वर्तमानपत्राचा एक तुकडा द्या. रंग बदलताना खडूचं टोक त्यावर घासून मगच कागदावर टेकवायचं. पांढरा काळा पडतो तो बहुतेक वेळा कागदावर नाही, डब्यातच पडतो, शेजारच्या खडूंना घासून. आणि गडद रंगावर शेवटी झळाळीचा ठिपका द्यायचा असेल तर स्वच्छ पांढरा एकदाच, दाबून, आणि हात वर. दुसऱ्यांदा फिरवला की राखाडी झालाच.

आता खरेदीचं. पन्नास रंगांचा स्वस्त डबा घेण्यापेक्षा बारा रंगांचा बरा डबा घ्या. स्वस्त खडूत मेण जास्त आणि रंग कमी असतो, त्यामुळे थरावर थर बसत नाही. दुकानात उभं राहून तपासायचं असेल तर निळ्याच्या पट्ट्यावर पिवळा ओढून बघा. हिरवा तयार झाला तर खडू कामाचा. निळ्यावरून पिवळा नुसता सरकला आणि रंग चढला नाही तर डबा परत द्या. शाळेच्या पैशातून घेणार असाल तर पांढरा आणि पिवळा सुटे मिळतात का विचारा, कारण ते आधी संपतात. कागदाला मात्र काटकसर करू नका. गुळगुळीत चार्ट पेपर नको, कार्ट्रिज शीट, म्हणजे चित्रकलेचा जाडसर, किंचित खरखरीत कागद हवा. पैसे नसतीलच तर लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू आणि वह्यांना घालायच्या खाकी कागदाची खरखरीत बाजू, दोन्ही चालतात. खाकी कागदावर रताळं आणि दगड पांढऱ्या कागदापेक्षा उठून दिसतात, कारण मधली छटा कागदच देतो आणि मुलाला फक्त उजेड आणि अंधार भरायचा राहतो. मी तर आता पहिला तास खाकी कागदावरच घेतो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला बेळगाव-खानापूरकडे खडू दगडासारखे होतात. त्यात नवल नाही. जपानमध्येही सुरुवातीला हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे असे दोन प्रकारचे खडू बनवत. मुलांना खडू दोन मिनिटं मुठीत धरायला सांगा, पुरेसं होतं. एप्रिलमध्ये उलट, डबा खिडकीत राहिला तर खडू एकमेकांना चिकटतात.

गुण कसे द्यायचे, तर चित्र वस्तूशेजारी ठेवून बघा. आकार बिघडला पण उजेड कुठून येतो ते कळतंय, असं चित्र मी सुबक आणि सपाट चित्राच्या वर ठेवतो. बेळगावला वास्तववादी चित्रणाची परंपरा आहे, इथले चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली रवी परांजप्यांसारखे चित्रकार शिकून गेले. त्यामुळे पालकांना “हुबेहूब” हवं असतं आणि ते साहजिकही आहे. पण हुबेहूब यायला आधी बघणं यायला हवं, असं त्यांना सांगा. आणि मुलाच्या चित्रावर आपण हात चालवायचा नाही. काही दाखवायचंच असेल तर बाजूला दुसरा कागद घेऊन दाखवा. लोअर ग्रेडच्या चित्रकला परीक्षेला बसायची इच्छा असलेली मुलं वर्गात असतील तर त्यांनाही हीच सवय कामाला येईल, माध्यम कुठलंही असो.

चित्रं ठेवण्याबद्दल एवढंच. रंग वाळणार नाही, तेव्हा चित्रावर चित्र थेट ठेवू नका आणि मध्ये वर्तमानपत्र तर अजिबात घालू नका, त्याची शाई उमटते. बटर पेपर घाला. तो नाही मिळाला तर पत्रिकेच्या पाकिटातले पातळ कागद साठवून ठेवा. भिंतीवर लावणार असाल तर मुलांचे खांदे घासतील त्याच्या वर आणि ऊन येत नाही अशा भिंतीला. पावसाळ्यात लोखंडी कपाटात गठ्ठा ठेवला तर कागदाला बुरशी धरते, म्हणून जूनच्या आधी चित्रं मुलांना घरी देऊन टाका.